समुद्र न पाहिलेल्यांची सहल

शाळेच्या टाकीत कितीबी स्वच्छ पाणी सोडा, बुडाला गाळ बसतोच. किस्स्यांचंही तसंच असतं. मी शाळेत शिकलो नाही, शाळेत शिपाई होतो. रिटायर झालो, तरी सकाळी पाय तिकडंच वळतात. देगलूरकडचं आमचं गाव. पोरंबी मला मामा म्हणतात, मास्तर लोकबी मामाच म्हणतात. नववीला समुद्राचा धडा लागला, त्या साली गाळ जरा जास्तच बसला.

*

भूगोलाच्या मॅडम लातूरच्या. समुद्र त्यांनीही पुस्तकातच पाहिलेला. त्या वर्गात सांगत होत्या, "लाटा वाळू आणून किनाऱ्यावर टाकतात. त्याला पुळण म्हणतात."

मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "मॅडम, मग तिचा लिलाव कधी असतो?"

"लिलाव कशाचा? वाळू तशीच पडून असते."

सगळा वर्ग एकमेकांकडं बघायला लागला. आमच्याकडं नदीतल्या वाळूचा सरकारी लिलाव होतो, तिच्यावरून भांडणं होतात, आणि तिकडं ती पडून!

मधल्या सुट्टीत हेडमास्तर हळूच मॅडमजवळ गेले. "खरंच कोणी नेत नाही का हो?"

*

मग मॅडमनी समुद्राचं मॉडेल करायला घेतलं. काळ्या मातीचा कडा केला, त्यावर पाणी मारलं. गुहा पडायची सोडून सगळा कडाच चिखल होऊन बसला.

मी बसप्पाच्या किराणा दुकानातून गुळाची अर्धी ढेप आणली. त्याची पोरगी शिवलीला नववीतच. तो म्हणाला, "भूगोलाला गूळ? घुगऱ्या करायलेत का काय?"

पण गुळानं काम केलं. कोमट पाण्यानं आधी गुहा पडली, मग कमान झाली, कमान तुटून एक सुळका उभा राहिला. मॅडम म्हणाल्या, "हा सागरी स्तंभ. उद्या सगळ्यांनी याची आकृती काढायची."

दुसऱ्या दिवशी स्तंभ नव्हता. पोरांच्या तोंडाला मुंग्या लागायच्या बाकी होत्या.

*

शेवटी कोकणची सहल ठरली. इथंच घोडं अडलं.

शिवलीला घरी मोठ्यानं पाठ करायची, "लाटा कड्याचा पाया पोखरतात आणि वरचा भाग कोसळतो." ते ऐकून बसप्पा शाळेत आला. "मॅडम, कडा कोसळतो हे तुमीच शिकवता, आन् पोरीला तुमीच तिथं नेता. पाठवत न्हाई."

"काका, त्याला हजारो वर्षं लागतात."

"ती भरत आली नसतील कशावरून?"

बसप्पाचं बघून बाकीच्यांनीही आपापल्या पोरींची नावं काढायला लावली. शिवलीला खिडकीशी उभी होती. रडत नव्हती, नुसती बापाकडं बघत होती. मला ते बघवेना.

म्हटलं, "बसप्पा, मी जातो संगं."

"मामा, तुमी समुद्र पाहिलाय का?"

"न्हाई."

"मग ठीक हाय. भिऊन ऱ्हाल."

पोरींची नावं परत लागली.

*

आमच्याकडं तळ्यावर गेलं की चपला, डबे काठाला ठेवायचे. तळ्याचं पाणी काही जागचं हलत नाही. पोरांनी समुद्रावरही तसंच केलं. मॅडम त्यांना कड्याखालच्या खडकावर गुहा दाखवायला घेऊन गेल्या आणि मी सामान राखत बसलो. थोड्या वेळानं बघतो, तर चपला चालल्यात.

सरबत विकणारी एक बाई ओरडली, "आजोबा, भरती आली! पोरांना बोलवा!"

मी हाका मारल्या. मॅडम पोरांना घेऊन पळतच आल्या. आम्ही डोकी मोजली. शिवलीला नव्हती.

पोरं परत खडकाकडं धावायला निघाली, मॅडमनी त्यांना कसंबसं धरलं. आणि मग एक जण म्हणाला, "ती बघा, बसमधी."

शिवलीला खिडकीशी बसली होती. खालीच उतरली नव्हती.

"अप्पाला शब्द दिलता, कड्याखाली जाणार न्हाई म्हणून. हितून सगळं दिसतं, मामा."

माझ्या जिवात जीव आला. पण इतक्या लांब येऊन पोरीनं काचेतून समुद्र बघावा? भरती उतरेपर्यंत थांबलो. मग कड्यापासून लांब, सपाट वाळूवर तिला हाताला धरून नेलं. तेवढ्यात बसप्पाचा फोन आला.

"मामा, पोरगी कुठाय?"

"पाण्यात."

तिकडून बारीक आवाजात, "किती पाण्यात?"

"घोट्याएवढ्या."

"बरं," म्हणाला. फोन मात्र ठेवला नाही. पोरीचं हसणं ऐकत बसला.

*

परत आल्यावर चार दिवसांनी बसप्पा शाळेत हजर. मॅडमला वाटलं, पोरीला पाण्यात नेलं म्हणून भांडायला आला.

तो म्हणाला, "पुढच्या सहलीला आमच्या धाकटीचं नाव लिवून घ्या."

"काका, ती तर अजून अंगणवाडीत आहे."

"असू द्या की. तवर समुद्र कुठं चाललाय?"