होड्यांचा नंबर आणि माझा इंडेक्स

आमच्या ऑफिसात जुना डेटा वेळच्या वेळी डिलीट होतो, किस्से मात्र साचत जातात. मालवणात सॉफ्टवेअरचं ऑफिस म्हटलं की लोक आधी हसतात, मग "काय करता तिथे?" असं विचारतात. मग मी होड्यांच्या सोसायटीचं सांगायला बसतो. किल्ल्यावर पर्यटक नेणाऱ्या होड्यांचे नंबर आम्ही जेट्टीवरच्या स्क्रीनवर दाखवतो. सकाळी जो आधी नोंद करील, त्याची होडी आधी सुटणार. ही सोसायटी म्हणजे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. ती गेली तर मी परत पुण्याच्या पीजीत.

*

पहिला पराक्रम माझाच. होडी शोधायला वेळ लागतो म्हणून मी तारीख आणि होडीचं नाव यांवर इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी तयार यादी, टाकला. शोध झटक्यात व्हायला लागला, मी खूश. सकाळी जेट्टीवरून फोन. यादी होड्यांच्या नावांप्रमाणे लागली होती! सगळ्यांच्या आधी आलेल्या बस्त्यावकाकांची 'सांता मारिया' तळाला आणि उन्हं चढल्यावर आलेली 'आई सातेरी' वर. काकांना त्या दिवशी एकच फेरी मिळाली.

डेटाबेस बघणाऱ्या फिलूमॅडमनी माझी क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे यादी मागणारी आज्ञा, उघडली. "क्रम कुठे मागितलायस रे?"

कुठेच नव्हता. आजवर नोंदी आल्या तशा दिसत होत्या, हा निव्वळ योगायोग. नव्या इंडेक्समध्ये नावं आधीच ओळीने लावलेली, कंप्युटरने तीच ओळ पुढे केली. मॅडम म्हणाल्या, "घरी दुसरी भाकरी न मागता पडते. खानावळीत मागावी लागते."

*

दुसऱ्या दिवशी 'आई सातेरी'चा मालक गणपत ऑफिसात हजर. मला वाटलं, आता हाही तक्रार करणार. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "तसाच ऱ्हवांदे. माका पाटे उठूक नको."

*

क्वेरीत आदल्या संध्याकाळीच नोंदीच्या वेळेप्रमाणे क्रम मागितला होता. वेळेवरही इंडेक्स टाकला, म्हणजे यादी लावलेलीच हातात येते, दरवेळी नव्याने लावत बसावी लागत नाही. आमचे मालक, भाऊ, यांना हे फारच आवडलं. "मगे सगळ्याक घाल की!"

मी घातले. आता एक होडी नोंदवली की सगळे इंडेक्स भरत बसायचे, त्यात जेट्टीवरचा कंप्युटर म्हातारा. स्क्रीनवर नुसतं चाक फिरतंय. गणपत म्हणाला, "तुमची नोंद होयसर माजी होडी वेंगुर्ल्याक जावन येयत." दोन इंडेक्स ठेवले, बाकीचे गुपचूप काढले.

*

नोंदीची वेळ आम्ही मिनिटापर्यंतच ठेवत होतो. एकदा दोन होड्या एकाच मिनिटाला नोंदल्या गेल्या. स्क्रीन रिफ्रेश झाली की कधी ही वर, कधी ती. मॅडम म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघतोस? होडीवाल्यांना विचार."

विचारलं. गणपतने क्षणभरही वेळ घेतला नाही. "काल ज्येची होडी कमी फिरली, तो पयलो."

त्यांची रीत कधीचीच ठरलेली होती, आम्हीच विचारलं नव्हतं. ती ओळ अजून क्वेरीत आहे. वाचली की मला बरं वाटतं.

*

एवढे घोळ झाल्यावर सोसायटीने सभा बोलावली. स्क्रीन ठेवायची, की नंबर हाताने लिहायची जुनी वही परत आणायची?

एक गोष्ट सांगायची राहिली. पहिली चूक झाली त्या संध्याकाळी मॅडम म्हणाल्या होत्या, "क्वेरी दुरुस्त झाली. आता काकांच्या घरी जा." त्यांनी सांगितलं नसतं तर मी गेलो नसतो, म्हणून त्यांचे उपकार आयुष्यभर मानेन. काका जाळं शिवत होते. चूक कंप्युटरची नाही, माझी आहे, असं सांगितलं. काकींनी मला बांगडा-भात वाढला.

सभेत बहुतेक जण वहीच्या बाजूने होते. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "नुकसान बस्त्यावाचा झाला. तो सांगात ता करूया."

बस्त्यावकाका उठले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्यो माज्या घराक इलो आणि आपली चूक सांगून गेलो. वही कधी इली सांगूक?"