खंडेनवमीला गाडीचं तेल

आमच्याकडे एक जुनी इंग्रजी स्पोर्ट्स कार होती. दोन माणसांची, बिनछपराची, आत बसलं की बूड रस्त्याला टेकतंय की काय असं वाटायला लावणारी. अंबरनाथच्या कारखान्यातला एक साहेब मायदेशी जाताना ती आमच्या ह्यांच्या गळ्यात मारून गेला. हे म्हणजे माझे यजमान, त्याच कारखान्यात इंजिनीयर. त्यांच्याबद्दल मी आजही आदरार्थीच लिहिते. ती सवय आहे, माफी नव्हे.

गाडी चालवायला मला ह्यांनीच शिकवलं, तेही हौसेने. क्वार्टर्सच्या मागच्या रस्त्यावर मी गिअर करकरवत जायची आणि हे ओळखीच्या लोकांना हात करायचे. तोवर सगळी गंमत होती. मग बदलापूर गावातल्या एका डॉक्टरीणबाईंनी प्रसूतिगृह काढलं आणि त्यांना नर्स हवी झाली. लग्नाआधी मी नर्सच होते. खरवई, सोनिवली, पुढे बारवीकडचे पाडे, कुठेही बाई अडली की बैलगाडी जुंपेपर्यंत व्हायचं ते होऊन जायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "स्वतः गाडी घेऊन येणार असशील तर जागा तुझी. पण लायसन्स आधी दाखव. दसऱ्यानंतर मी थांबणार नाही."

सासूबाईंनी मला तोंडावर सांगितलं, "आमच्या घरची सून पाड्यापाड्यांवर फिरणार? मला पसंत नाही." हे मात्र हसून म्हणाले, "जरूर कर. मी आहे ना." त्या 'मी आहे ना'ने मला किती धीर आला होता हे आठवलं की अजून संताप होतो.

लायसन्सची परीक्षा कल्याणला होती आणि दिवस नेमका खंडेनवमीचा आला. आदल्या दिवशी मी बदलापूरला डॉक्टरीणबाईंना भेटायला गेले होते. परत आले तर अंगणात गाडी विटांवर चढवलेली, खाली घमेलं, घमेल्यात काळं तेल. हे म्हणाले, "परीक्षेला जायचंय, इंजिनात ताजं तेल हवं. जुनं काढलंय. नवं सकाळी घालू." मला बरंच वाटलं. तेल बदलताना नट आवळायचे पाने एरवी मीच हातात देत असे. एकट्याने का केलं, असं विचारायचं सुचलं नाही.

सकाळी देवघरापुढे पाहते तो पाट मांडलेला. त्यावर विळी, कात्री, सुरी, आणि ह्यांचे झाडून सगळे पाने ओळीने. हळदीकुंकू वाहिलेलं, वर झेंडूची फुलं. नव्या तेलाचा सीलबंद डबासुद्धा पाटाशेजारी, त्यालाही कुंकवाचं बोट. खंडेनवमीला पूजेत ठेवलेल्या हत्याराला दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही, हे मलाही ठाऊक होतं.

ह्यांना गाठलं. कारखान्यातही यंत्रांची पूजा करून सुट्टी दिली होती, त्यामुळे हे पेढा खात बसले होते. "तेलाच्या टाकीचं बूच हाताने बसवलंय," म्हणाले, "पण पान्याने आवळल्याशिवाय तेल ओतलं तर सगळं खाली. आणि पाने पूजेत. आता आईला कोण सांगणार?"

मी शेजारी गेले. तिथेही पाने पाटावर. त्यापलीकडच्या घरी तर बाई माझ्याकडे असं बघायला लागल्या की जणू मी देव्हाऱ्यातला देवच उसना मागितलाय. "आज पाना मागता, वहिनी?" सगळी वसाहत लोखंडावर जगणाऱ्यांची, आणि त्या दिवशी एक नट आवळायची कुणाची तयारी नव्हती.

घरी येऊन सासूबाईंशी कडाक्याचं भांडले. म्हटलं, "देवी काही पाना घेऊन बसणार नाही." त्या म्हणाल्या, "हात लावून बघ." त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी हात लावला नाही. पदर खोचला, अंगणात गोणपाट टाकलं आणि उताणी पडून गाडीखाली सरकले. म्हटलं, बुचाला चिंधी गुंडाळून हातानेच घट्ट पिळते, घमेल्यातलं जुनंच तेल परत ओतते, कल्याणपर्यंत टिकलं तरी पुरे.

बूच नव्हतंच. तेलाच्या टाकीला बोटभर भोक, आणि त्यातून गोणपाटावर टिपटिप.

"बूच कुठाय?" मी खालूनच ओरडले.

"पडलं असेल," हे पायरीवरून म्हणाले. "घमेल्यात बघ."

मी घमेल्यात कोपरापर्यंत हात घातले. काळ्या तेलात चाचपडले, गाळ उपसला, अंगण झाडून काढलं. हात तेलाने बरबटलेले, पातळाचं वाटोळं झालेलं, कल्याणला निघायची वेळ टळत चाललेली. हे पायरीवर उभे राहून "इकडे बघितलंस का, तिकडे बघितलंस का" एवढं मात्र सांगत होते. खाली उतरायचं नाव नाही.

सासूबाई दारात येऊन बराच वेळ पाहत होत्या. मग त्यांनी मुलाला विचारलं, "तुझ्या खिशाला तेल कसलं लागलंय?"

परटाघरची खाकी पँट, आणि खिशावर रुपयाएवढा काळा डाग. सासूबाईंनी नुसता हात पुढे केला. रुमालात गुंडाळलेलं बूच, तांब्याच्या वायसरसकट, त्यांच्या तळहातावर आलं.

"मला तिला नाही म्हणायचं नव्हतं," हे म्हणाले. "वाटलं, आजचा दिवस टळला की विषय आपोआप मिटेल. कुणाचं मन दुखवायला नको."

सासूबाई म्हणाल्या, "मला नोकरी पसंत नाही हे मी तिला तोंडावर सांगितलं. तू माझ्या पूजेच्या आड लपलास. देवीला पुढे केलंस." त्या आत गेल्या. पाटावर अक्षता टाकल्या, हात जोडले, काहीतरी पुटपुटल्या आणि हळदीने माखलेला पाना नि तेलाचा डबा माझ्यापुढे आणून ठेवला. म्हणाल्या, "घे. देवीचं मी बघते. नोकरी मला अजूनही पसंत नाही."

मी बूच आवळलं, नरसाळं लावून तेल ओतलं, पट्टी घालून मोजलं, विटा काढल्या. ह्यांना कशालाही हात लावू दिला नाही. पण शिकाऊ परवान्यावर एकटीला गाडी नेता येत नव्हती. शेजारी लायसन्सवाला माणूस लागे, आणि तो माणूस हेच. उल्हासनगरच्या कॅम्पातून जाताना दुकानांपुढे बसलेले सिंधी म्हातारे "अरे देखो, बाई चला रही है" म्हणत उठून उभे राहिले. एरवी हे त्यांना हात करायचे. त्या दिवशी मांडीवर हात ठेवून बसले होते. मला त्यांच्याशी एक शब्द बोलायचा नव्हता, आणि एवढ्याशा गाडीत त्यांचा खांदा माझ्या खांद्याला घासत होता.

कल्याणला इन्स्पेक्टर निघायच्या बेतात होता. त्याने गाडीभोवती चक्कर मारली, माझ्या तेलकट हातांकडे पाहिलं. ह्यांनी उतरून त्याला जागा करून दिली. बसण्याआधी तो माझ्या डोक्यावरून ह्यांना म्हणाला, "साहेब, बाईंनी गाडी चालवायला तुमची हरकत नाही ना? तसं असेल तर मी परीक्षाच घेत नाही."

मी स्टिअरिंग धरून समोर बघत होते. सकाळपासून मी जे जे केलं होतं ते सगळं त्या क्षणी त्या एका माणसाच्या जिभेवर येऊन थांबलं.

"छे, छे," हे हसून म्हणाले. "मीच तर शिकवलंय."

लायसन्स मिळालं, जागाही मिळाली. पुढे कित्येक वर्षं लोक मला सांगत राहिले की असा नवरा मिळायला भाग्य लागतं.