नानांचं बटण

गाडीत बसले की नाना आधी खिडकीतून पचकन थुंकायचे, मग ते बटण दाबून धरायचे. घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेलं बटण. समोर पिवळा दिवा लागला की समाधानाने म्हणायचे, "गाडी माणूस चालाडस ताई, डबी नई."

मला नानांची किळस यायची, हे आधीच सांगून टाकते. नंदुरबारच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी तंत्रज्ञ आणि ते ड्रायव्हर. शिबिरासाठी गावोगाव जायचं, ऑपरेशन झालेल्यांना घरी सोडायचं, हे आमचं काम. त्यांच्या बाजूच्या दारावर गुटख्याचे ओघळ वाळलेले असत. पाण्याच्या बाटलीला तोंड लावून तीच बाटली ते प्रेमाने माझ्यापुढे करत. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, कामाला वाघ, पण शेजारी बसवत नाही.

जुनी जीप मोडीत निघाली तेव्हा ही नवी गाडी आली. डॉक्टर कौतुकाने सांगत होते की वळणावर गाडी भरकटू लागली तर आतली यंत्रणेची डबी स्वतःच एकेका चाकाला ब्रेक लावते, आणि चाक जागच्या जागी फिरायला लागलं तर इंजिनाचा जोर कमी करते. नाना तोंडात पिंक धरून ऐकत होते, त्यामुळे त्यांचं मत तेव्हा कळलं नाही.

ते कळलं तापीकाठच्या एका शिवारात. काळ्या मातीत गाडी रुतली. नाना अॅक्सिलरेटर दाबत होते आणि गाडी जोर काढून घेत होती. चाक घसरलं की जोर तोडायचा, एवढंच तिला शिकवलेलं. चाकांखाली कापसाच्या पऱ्हाट्या टाकल्या तरी तेच. तिकडे शाळेच्या ओट्यावर म्हातारी माणसं सकाळपासून आमची वाट बघत बसलेली. शेवटी नानांनी यंत्रणा बंद करणारं ते बटण दाबून धरलं, चाकं मोकळी सुटली आणि माझे कपडे चिखलाने माखवत गाडी बाहेर आली. त्या दिवशी नाना खरे ठरले आणि तिथेच घात झाला.

डॉक्टरांनी समजावलं की चिखलात बंद करा, पण रस्त्यावर चालू ठेवा. साधी गोष्ट होती. एकदा खरा ठरलेला माणूस साधी गोष्ट ऐकत नाही. इंजिन बंद करून परत सुरू केलं की ती यंत्रणा आपोआप चालू व्हायची, म्हणून नाना चहाला थांबले तरी इंजिन बंद करेनात. टपरीवर धूर, चहालाही धुराचा वास. डॉक्टरांनी एकदा तो पिवळा दिवा पाहिला आणि रागावले, तेव्हा दुसऱ्या दिवशी नानांनी माझ्याकडे टिकली मागितली. मला वाटलं, गाडीतल्या देवीला लावायला हवी असेल. त्यांनी ती दिव्यावर चिकटवली आणि मी चक्क हसले. पुढे टिकली सुटली की पाकिटातून नवी मीच काढून द्यायचे. हे लिहिताना नानांपेक्षा मला माझीच किळस जास्त येते.

मग तो दिवस आला. धडगावच्या बाजूला घाट उतरत होतो. मागे पाच जण, प्रत्येकाच्या एका डोळ्यावर पट्टी. वळणावर बारीक खडी पसरली होती आणि अचानक बैल आडवा आला. नानांनी स्टिअरिंग फिरवलं तशी गाडीची मागची बाजू सरकली आणि आम्ही कठड्याला घासत जाऊन थांबलो. चौघांना नुसतं खरचटलं. एक पावरा आदिवासी म्हातारी मात्र पुढच्या सीटच्या दांडीवर आदळली. तिचं ऑपरेशन कालच झालं होतं, आणि पट्टीतून रक्त येत होतं.

नानांनी मागचं दार उघडलं. तिला दोन्ही हातांवर घेऊन ते मागून आलेल्या जीपपर्यंत चालत गेले, वाटभर तिच्याशी अहिराणीत काहीतरी बोलत. तिला त्यातलं किती कळलं असेल कोण जाणे. तिचा तो डोळा गेला.

यंत्रणा चालू असती तर गाडी सावरली असती का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बहुधा. खडीवर वेगात कोणतीच यंत्रणा देव नसते, असंही म्हणाले. मी त्यातलं दुसरं वाक्य घट्ट धरून ठेवलं.

अहवाल मला लिहायचा होता. नाना दारात येऊन उभे राहिले.

"ताई, खरं लिखा. बटन मीच बंद करेल व्हतं."

खरं लिहिलं असतं तर दिव्यावरची टिकलीही लिहावी लागली असती, आणि ती कोणी दिली तेही. मी लिहिलं, रस्त्यावरील खडीमुळे वाहन घसरले. त्यांनी ते वाचून दाखवायला लावलं. मी वाचलं आणि वर उपकार केल्यासारखं म्हणाले, नाना, तुमची नोकरी वाचली.

"मन्ही का तुम्हनी?" त्यांनी शांतपणे विचारलं आणि किल्ली टेबलावर ठेवून गेले. ते परत आले नाहीत. लोणखेड्याला मुलाच्या शेतावर असतात आणि ट्रॅक्टरलाही हात लावत नाहीत, एवढं ऐकलंय. इतकी वर्षं ज्याच्या बाटलीतलं पाणी मी नाकारलं, तो माझ्यापेक्षा स्वच्छ निघाला.

महिन्याने म्हातारी तपासणीला आली. उरलेल्या डोळ्याने तिने माझी बोटं बरोबर मोजली. मग तिच्या पावरी बोलीत काहीतरी विचारलं, ते सोबतच्या सुनेने मला मराठीत सांगितलं. मला उचलून नेणारा तो ड्रायव्हरबाबा कुठे आहे, असं ती विचारत होती. कागदावर तर रस्त्याची चूक लिहिली आहे म्हणे, मग तो का गेला?

मी तिच्या गेलेल्या डोळ्यात औषधाचा थेंब टाकला, ज्याचा काहीही उपयोग नव्हता, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.