ताईंच्या प्रोग्रॅमचं नवं बिऱ्हाड

माझ्या नणंदबाई, म्हणजे आमच्या ताई, चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. मागच्या अरुंद खोलीत, पाण्याच्या बारीक धारेखाली फिरणाऱ्या चाकावर काच धरायची आणि हळूहळू फ्रेमच्या आकाराला आणायची, असं ते काम. घरी आल्या की हात पुसून रेडिओसमोर बसतात. पण गाणी ऐकायला नव्हे. त्या हौशी रेडिओवाल्या आहेत, परीक्षा देऊन परवाना काढलेल्या. मोर्सच्या टिकटिकीत जगातल्या कुणाशीही बोलतात. लग्न होऊन मी नवीन आले तेव्हा मला वाटलं, आतल्या खोलीत कुणीतरी टेबलावर चमचा आपटतंय.

ज्याच्याशी बोलणं झालं त्याची नोंद ठेवायची असते: त्याचं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, शिवाय वेळ आणि आवाज किती स्पष्ट आला ते. एका हाताने टिकटिक आणि दुसऱ्या हाताने लिहिणं, यात ताईंची त्रेधा उडायची. म्हणून तरुणपणी त्यांनी स्वतःच एक प्रोग्रॅम लिहिला. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माउसचा पत्ता नाही. कॉलसाइन टाईप केलं की हा माणूस आधी भेटला होता का, ते तो चटकन सांगायचा. ओळखीच्या दोघा-तिघांना त्यांनी तो फ्लॉपीवर दिला. ‘हवं ते बदला’ म्हणून मूळ लिखाणही सोबत दिलं आणि विसरून गेल्या.

मग जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली. माझ्या नवऱ्याने नवा आणला, ताईंच्या सगळ्या फायली त्यात घातल्या. ताईंनी हौसेने आपला प्रोग्रॅम उघडला, तर पडद्यावर पाटी आली: हा प्रोग्रॅम या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही.

“मी लिहिलाय आणि मलाच नाही म्हणतोय!” ताई भडकल्या.

“ताई, सोड ना तो आता,” नवरा म्हणाला. “नवीन ढिगाने मिळतात.”

त्याने एक घालूनही दिला. रंगीत नकाशा काय, बटणं काय! ताईंनी तोंड वाकडं करत तो वापरला. “नोंद करायला चार ठिकाणी बोट लावायचं. तेवढ्यात समोरचा माणूस निघून जातो!”

एका रविवारी दुपारी मी म्हटलं, “ताई, मला विणकामात अडलं की मी नेटवर विचारते. तुम्हीही विचारा की.”

“स्वतःच्या पोराचा पत्ता परक्यांना विचारू होय?”

पण विचारलं. रेडिओवाल्यांच्या एका चर्चेच्या पानावर प्रोग्रॅमचं नाव लिहिलं, नवीन सिस्टिमवर चालेल का म्हणून. आपण कोण ते सांगितलं नाही.

मी चहा घेऊन आले तोवर उत्तरं येऊन पडली होती. एकाने लिहिलं होतं, चालतो की, झकास चालतो. जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारा एक प्रोग्रॅम मिळतो, त्याच्या आत हा ठेवायचा. याला वाटतं आपण आपल्याच घरात आहोत. दुसऱ्याने बजावलं होतं, मूळ प्रत घेऊ नका. ती सुरू होताना यंत्राचा वेग मोजते आणि यंत्र फार वेगवान असलं की तिथेच कोलमडते. कुणा शाळामास्तराने ते दुरुस्त केलंय, ती प्रत घ्या.

“कुठला शाळामास्तर?” ताई पुटपुटल्या.

त्यांनी ती प्रत उतरवून घेतली आणि आतलं लिखाण उघडलं. मीही खुर्ची ओढून बसले. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ताई बोटाने दाखवत गेल्या. या ओळी माझ्या. ही माझी नव्हे. हीसुद्धा नव्हे. मी वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवले होते, शतक उलटल्यावर माझ्या प्रतीत सगळ्या तारखा बोंबलल्या, ते इथे कुणीतरी निस्तरलंय. बोटीवरच्या एका स्वयंपाक्याने अधू डोळ्यांसाठी अक्षरं मोठी केलीत. एका आंधळ्या माणसासाठी कुणीतरी प्रत्येक नोंदीला वेगळा आवाज जोडलाय. प्रत्येकाने आपली ओळख आणि कॉलसाइन ठेवलं होतं आणि शेजारी लिहिलं होतं, मूळ लेखकाची मांडणी तशीच राखली आहे.

“मेल्यांनी मला बाप्या करून टाकलं,” ताई हसल्या.

पहिल्या पडद्यावर ‘वेलकम’च्या स्पेलिंगमधला शेवटचा ई त्यांनी तेव्हा खाल्ला होता. तिथे कुणीतरी टीप लिहिली होती: चूक आहे, ठाऊक आहे, राहू द्या.

मग सांगितल्याप्रमाणे त्यांनी सगळं बसवलं. नव्याकोऱ्या पडद्यावर एक काळी चौकट उघडली, हिरवी अक्षरं उमटली, खाली, लेखक म्हणून, ताईंचं कॉलसाइन. ताईंनी लगेच रेडिओ लावला आणि हाक दिली. खूप वेळ नुसती खरखर. मग बारीक, कापरी टिकटिक आली. ताई मला सांगू लागल्या.

“थंड समुद्रातलं बेट आहे. हवामान केंद्र. हा तिथे काम करतो.” मध्येच त्या थांबल्या. “माझं कॉलसाइन परत विचारतोय.”

त्यांनी पुन्हा दिलं. मग टिकटिक आली, या वेळी सावकाश.

“म्हणतोय, हे नाव माझ्या पडद्यावर रोज दिसतं. ते तुम्हीच का?”

ताईंचा हात तसाच राहिला. “अहो, सांगा ना!” मी ओरडलेच. त्यांनी ‘हो’ पाठवलं.

उत्तर बरंच लांबलं. ताई एकेक शब्द जुळवत बोलत होत्या. “याच्या आधीचा माणूस हाच प्रोग्रॅम वापरायचा. त्याच्या आधीचाही. तिथे नेट कधी असतं, कधी नसतं, आणि याला ते लागतच नाही... म्हणतोय, इथून निघताना प्रत्येक जण पुढच्याला हे शिकवून जातो.”

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, “झाला का सुरू?”

“झाला,” एवढंच बोलून ताई गच्चीवर गेल्या. मी मागोमाग गेले. त्या एरियलच्या तारेखाली मान वर करून उभ्या होत्या. वर काहीच नव्हतं, स्वच्छ आकाश तेवढं.

“इथूनच जातं गं सगळं,” त्या म्हणाल्या, आणि मलाही वर बघायला लावलं.