मेणबत्तीला नातं नसतं

भूतबित सांगणारी माणसं भेटली की मी चहा टाकायला आत निघून जाते. मी भूलतज्ज्ञ आहे... रोज माणसांना झोपवते आणि उठवते, त्यात अमानवीय काही दिसलं नाही कधी. तरी हे लिहितेय, कारण आमच्या तळघराला आता कुलूप आहे आणि नवरा मला हसतो.

इंग्लंडात लेस्टरमधलं आमचं घर जुनं, विटांचं, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांना चिकटलेलं. एका बाजूला हिल्डाआजी राहायच्या. जर्मन, तोंडाने फटकळ, म्हणून आमचं छान जमायचं. त्यांचं गाव ट्राबेन-ट्रारबाख. मोझेल नदीच्या दोन काठांवर दोन गावं, मध्ये पूल, मिळून एक छोटं शहर. भोवती उभ्या चढांवर द्राक्षमळे. एके काळी तिथून जगभर वाईन जायची, व्यापाऱ्यांनी महालासारखी घरं बांधली, आणि घरांखाली तळघरं... गल्लीच्या गल्ली खालून पोकळ. पुढे व्यापार बसला, पिंपं गेली. आता म्हणे त्याच तळघरांत नाताळचा बाजार भरतो. आजींना ते मुळीच पसंत नव्हतं.

कारण त्यांच्या लहानपणी ऑक्टोबरात रस आंबायला लागला की तळघरात जड गॅस साचायचा. आधी मेणबत्ती उतरायची, गुडघ्याशी धरलेली, मग माणूस. विझली तर मागे फिरायचं, खालून कोणीही हाक मारो. आजींचे वडील एकदा तसेच धावले, मोठा मुलगा खालून हाका मारतोय म्हणून. मुलगा तेव्हा वर मळ्यात द्राक्षं तोडत होता. वडील काही परत आले नाहीत.

"माणूस हाकेला भुलतो," आजी म्हणायच्या. "मेणबत्तीला नातं नसतं."

मी त्यांना कार्बन डायऑक्साइड समजावून सांगितला होता. मोठी शहाणी मी!

उन्हाळ्यात आजी गेल्या. जाण्याआधी त्यांनी आपला मेणबत्तीचा पितळी स्टँड माझ्या लेकीला, इथेच वाढलेल्या नऊ वर्षांच्या मिहिकाला दिला.

तर ऑक्टोबरातला शनिवार, दुपार. मी वॉशिंग मशीन लावलं आणि घरातली लाईट गेली. फ्यूजबॉक्स तळघरात. नितीन, म्हणजे माझा नवरा, "बघतो" म्हणून गेला. मी वर कपड्यांच्या घड्या घालत बसले. बराच वेळ लाईट येईना म्हणून खाली आले, तर तळघराचं दार उघडं. मी आत डोकावून विचारलं, काय झालं रे.

"मधू, खाली ये जरा," नितीनचा आवाज. "मला उठता येत नाहीये."

मी धावलेच. पण मिहिका आडवी आली, हातात पेटती मेणबत्ती. "आई, आधी कॅन्डल. हिल्डाआजी सांगितला होता." हटेचना. शेवटी हिसकावून घेतली आणि उतरले. मधल्या पायरीवर गुडघ्याशी धरली... विझली. वर येऊन पेटवली, परत तिथेच विझली. आणि वास. आंबलेल्या द्राक्षांचा.

वाचवायला धावणारा दुसराही जातो, हे मी ज्युनियर्सना शिकवते. पण खाली माझा नवरा होता हो!

"मधू... ये ना गं."

मी मिहिकाला ओढत हॉलमध्ये आणलं आणि फायर ब्रिगेडला फोन लावला. त्याला मी खाली टाकून आले, एवढंच डोक्यात.

आणि पुढचं दार उघडून नितीन आत आला. हातात टॉर्च. गाडीतून आणायला गेला होता, रस्त्यात कोणी भेटलं म्हणून गप्पा हाणत उभा राहिला. तळघरात उतरलाच नव्हता. मी त्याला घट्ट धरून रडले, आणि फ्यूजसाठी कोण रडतं, असं त्याने विचारलं.

फायर ब्रिगेडवाले मीटर घेऊन उतरले. हवा स्वच्छ. तीच मेणबत्ती खाली फरशीवर ठेवली, तर छान जळत राहिली. आजींचं घर तर केव्हापासून रिकामं, तिकडून वास यायचाही प्रश्न नाही. नितीन म्हणतो, तुझ्या ड्यूट्या फार होतायत. तेही मी मान्य केलं असतं.

पण परवा मिहिकाला सहज विचारलं, बाबाचा तसा आवाज ऐकून घाबरलीस का गं?

"बाबाचा कुठे? तू बोलवत होती खालून," ती म्हणाली. "मी आधी गेली होती ना. कॅन्डल विझला, म्हणून वर आली."