विचारायचं काम

थोरला भाऊ जन्मापासून बहिरा, त्यामुळे तिच्या तोंडातून शब्द फुटायच्या आधीच तिचे हात बोलायला लागले होते. पुढे ती बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिक्षिका झाली. एखादा साक्षीदार बहिरा असला की तिला कोर्टातून बोलावणं यायचं. त्याच्या खुणा शब्दांत सांगायच्या, वकिलांचे शब्द खुणांत. तिथे सगळे तिला दुभाषीबाई म्हणत.

चौकसपणा हा तिचा जुना रोग. शेजारणीने नवा पडदा लावला, तर जुन्याचं काय केलं हे कळेपर्यंत हिला चैन पडायचं नाही.

एकदा एका बहिऱ्या सुताराची साक्ष चालली होती. कारखान्यातली मारामारी त्याने पाहिली होती. कोणी मारलं, कशाने मारलं, वकिलांनी सगळं विचारलं. पण सुट्टीच्या दिवशी हा माणूस कारखान्यात गेलाच कशाला, हे काही कुणी विचारेना. तिला राहवलं नाही. हात आपसूक उठले आणि तिने विचारून टाकलं.

सुतार उत्तर द्यायला लागला, तसं न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, तुमचं काम सांगायचं. विचारायचं काम वकिलांचं."

खालमानेने ती बाहेर पडली, पण घरी गेली नाही. कोर्टातल्या कारकुनाला गाठून तिने वकील व्हायला काय लागतं ते विचारलं. त्याने प्रवेश परीक्षा, कॉलेज, सनद, मग कुणा ज्येष्ठ वकिलाकडे उमेदवारी, असं सगळं नीट समजावलं आणि शेवटी मुलगी कितवीला आहे म्हणून चौकशी केली.

"मुलगी नाही, मीच," ती म्हणाली.

घरी सासूबाईंनी या वयात कसलं खूळ म्हणून तोंड वाकडं केलं. घड्याळं दुरुस्त करणारा नवरा मात्र भिंगातून डोळा न काढता म्हणाला, "घरात उलटतपासणी रोजचीच आहे. निदान सनद घेऊन कर."

सकाळी कॉलेज, दुपारी शाळा, असं सुरू झालं. तिचा हात वर गेला की पुराव्याचा कायदा शिकवणारे सर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. मालमत्तेच्या कायद्यात ती एकदा सपशेल आपटली आणि पुन्हा बसून पास झाली. सनद मिळाल्यावर एका मुरलेल्या वकीलबाईंच्या ऑफिसात तिला कोपऱ्यातली खुर्ची मिळाली. तिथला पहिला धडाच तिच्या स्वभावाच्या मुळावर आला. उलटतपासणीत ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही, असा प्रश्न विचारायचा नाही. मग विचारायचंच कशाला, हे तिला कळेना.

पहिला स्वतंत्र खटला आला तो गाद्या शिवणाऱ्या एका कारागिराचा. भावाच्या दुकानाचं कुलूप तोडून शिलाई मशीन पळवल्याचा त्याच्यावर आरोप होता. मी तिथे गेलोच नव्हतो, एवढंच तो धरून बसला होता. त्याला पाहणारा साक्षीदार होता समोरचा न्हावी.

तिने न्हाव्याला छान बांधत आणलं. त्या वेळी गिऱ्हाईक खुर्चीत होतं? होतं. तुमचं तोंड भिंतीकडे होतं? होतं. रस्ता पाठीमागे? हो, पाठीमागे. इथे गप्प बसायचं होतं. वकीलबाईंनी मागून घसाही खाकरला. पण जीभ कुठली ऐकते.

"मग तुम्हाला दिसलं कसं?"

"आरशात, बाई," न्हावी म्हणाला. "आमच्या भिंतीला आरसाच असतो."

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी तारीख दिली. वकीलबाई तिच्यासाठी न थांबता जिना उतरून गेल्या.

ओशाळलेल्या मनातही एक गोष्ट टोचत राहिली. आरशात खरंच दिसतं का? न्हावी गावाला गेलेला पाहून ती त्याच्या दुकानात शिरली. गडी गोंधळला, बायकांचे केस इथे कापत नाहीत म्हणाला. तिने फक्त बसू द्यायला सांगितलं. आरशात समोरचं दार लख्ख दिसत होतं, कडीसुद्धा. म्हणजे न्हावी खोटं बोलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने कारागिराला बोलावलं. तू गेला होतास का, हे तिने विचारलंच नाही.

"मशीन कोणाची?" तिने विचारलं.

तो नखं कुरतडायला लागला. "माझीच, ताई. वेगळं व्हायचं म्हटलं तर भावाने मशीन आत ठेवून दुकानाला कुलूप घातलं. सख्ख्या भावाने पोटावर पाय दिला, हे चार लोकांत कसं सांगायचं?"

पुढच्या तारखेला भाऊ साक्षीला उभा राहिला. तिने तोच प्रश्न त्याला विचारला. या वेळी उत्तर तिला ठाऊक होतं. भावाने छताकडे पाहिलं, वकिलाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "त्याची."

चोरीचा आरोप टिकला नाही. कुलूप तोडल्याबद्दल कारागिराला समज मिळाली. दोघे भाऊ वेगवेगळ्या दारांनी निघून गेले. त्यांच्यात पुढे काय झालं, ते अजून तिला कळलेलं नाही, आणि त्या गल्लीवरून जाताना ती जरा रेंगाळतेच.