दोन नंबरचा रिमोट

आमच्या साडूंइतका चीड आणणारा माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत शोधून सापडायचा नाही. हे मी रागाच्या भरात म्हणत नाही, चहा पिऊन, नीट विचार करून म्हणतो आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. डोंबिवलीत दोन खोल्या, एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर नोकरी, कपाळावर कायमची एक आठी आणि उभ्या आयुष्यात एकच छंद: जपानचे व्हिडिओ गेम जमवायचे. इथल्या दुकानात मिळतात ते नव्हेत. थेट जपानहून मागवलेले, जपानी डबीतले, जपानी अक्षरांचे. पोरं एके काळी फुंकर मारून मशीनमध्ये खुपसायची त्या जाड कॅसेटी, आणि गेल्या महिन्यात बाजारात आलेल्या नव्याकोऱ्या डिस्कसुद्धा. दोन खोल्यांपैकी एक खोली चार कपाटांनी अडवली आहे आणि उरलेल्या खोलीत माझी मेहुणी संसार करते. बरं, एवढं जमवून हा माणूस खेळत असता तर मी एक अक्षर बोललो नसतो. हा खेळत नाही. हा ठेवतो.

पार्सलं येतात ती माझ्या डोक्यावर. वागळे इस्टेटमध्ये माझं कॉइल गुंडाळायचं आणि ट्रान्सफॉर्मर बनवायचं लहानसं वर्कशॉप आहे. घरी पार्सल आलं की बायकोचं तोंड बघावं लागतं, म्हणून या गृहस्थांनी मला न विचारता माझ्या वर्कशॉपचा पत्ता जपानला कळवून टाकला. संध्याकाळी कचेरी सुटली की साडू हजर. खिशातून पांढरे सुती हातमोजे काढणार, लग्नाच्या बँडवाल्यांचे असतात तसले. माझ्या टेबलावरची तार, पक्कड, वार्निशचा डबा, सगळं मला बाजूला करायला लावणार. मग घरून आणलेल्या भाजीच्या सुरीने खोक्याची चिकटपट्टी इतक्या सावकाश कापणार की तेवढ्यात माझ्या कारागिराची अर्धी कॉइल गुंडाळून होते. आतला कागद नाकाशी धरून डोळे मिटणार. "लाकडी कपाटात होता हा. कोरड्या गावचा," असं काहीतरी पुटपुटणार. एकदा माझ्या कारागिराला राहवलं नाही. तो म्हणाला, "सर, खोलो ना यार! देखें तो अंदर क्या है!" साडूंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने देवघरात चप्पल घालून पाय ठेवला असावा. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "घाई काय आहे, साडूभाऊ?"

हे वाक्य मी गेली पंचवीस वर्षं ऐकतो आहे आणि दर वेळी माझ्या डोक्यात तिडीक जाते.

प्रत्येक खेळाच्या शक्यतो तीन प्रती घ्यायच्या, असा त्यांचा नेम. एक बघायला, एक खेळायला, एक ठेवायला. त्यातली खेळायची प्रतही ते ठेवतातच. डबीभोवती जपानी लोक कागदाची एक अरुंद पट्टी गुंडाळतात. साडू तिला कमरपट्टा म्हणतात. कमरपट्ट्याशिवाय आलेला खेळ त्यांच्या लेखी उघडाबोडका, त्याला खालच्या फळीवर जागा. नवा खेळ इथे डोंबिवलीतच स्टेशनजवळ मिळत होता, तोच, तस्साच, वर इंग्रजीतला. मी तो त्यांच्यासाठी वाढदिवसाला घेऊन गेलो. त्यांनी डबी हातात तोलली आणि म्हणाले, "हा पातळ वाटतो." डिस्क पातळ! मी त्या दिवशी न जेवता कल्याणला परत आलो. हवेत ओल असते म्हणून सगळ्या नातेवाइकांच्या बुटांच्या खोक्यांतल्या, औषधांच्या बाटल्यांतल्या त्या दाणेदार पुड्या त्यांच्याकडे जमा करायच्या. साखरपुड्यात नवरदेवाच्या नव्या बुटांतून पुड्या काढून घेताना मी त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कपाटात उबेला रात्रंदिवस बारीक दिवा जळतो. मेहुणी एकदा म्हणाली, "भाऊजी, मी पुढच्या जन्मी कॅसेट होणार. निदान कोरडी तरी राहीन." सगळे हसले. मला हसू आलं नाही, संताप आला.

जपानी त्यांना येत नाही. पण अक्षरं ओळखतात, आणि ती कशी, तर चेहऱ्यावरून. एका दोनशे पानी वहीत त्यांनी एकेक अक्षर काढून पुढे मराठीत त्याचं वर्णन लिहिलं आहे. 'पागोटं घातलेला म्हातारा – सुरू करा.' 'मोडकी शिडी – मागे जा.' 'पाटावर बसलेली बाई – इथे बोट लावू नये.' ही शेवटची ओळ लाल शाईत आहे, कारण एकदा त्यांनी बोट लावलं होतं आणि तीन महिन्यांचा खेळ पुसला गेला होता. म्हणजे एके काळी हा माणूस खेळायचा, याचा तेवढा एक लेखी पुरावा.

आणि वर मला आशा लावून ठेवलेली. रिटायर झाल्यावर, म्हणे, दर रविवारी एक खेळ उघडायचा. दोघांनी बसून खेळायचा. त्या मशीनला दोन रिमोट असतात. त्यातल्या दुसऱ्या रिमोटवर त्यांनी चिकटपट्टी लावून वर बॉलपेनने 'साडूभाऊ' असं लिहून ठेवलं होतं. पहिला खेळ कोणता, हेही ठरलेलं. त्या एकाच खेळाची त्यांच्याकडे एकच प्रत, बारा वर्षं खटपट करून मिळवलेली, मूळच्या प्लॅस्टिकमध्ये बंद. डबीवर दोन म्हातारे एका होडीत बसलेले. डावं वल्हं एकाने मारायचं, उजवं दुसऱ्याने, आणि होडी नदीपार न्यायची. "एकट्याने खेळताच येत नाही हो," साडू डबी काचेआडून दाखवत म्हणायचे, "म्हणून तर तुम्ही." मला व्हिडिओ गेममधलं ओ की ठो कळत नाही. पण सांगतो, त्या चिकटपट्टीवरचं नाव बघून मला बरं वाटायचं. उघडा मग, म्हटलं की पुन्हा तेच वाक्य.

आता खंडेनवमीचं सांगतो. जपानी मशीन शंभर व्होल्टवर चालतं, आपल्याकडची वीज त्याला जाळून टाकते. म्हणून मी त्यांना माझ्या हाताने एक ट्रान्सफॉर्मर गुंडाळून दिला होता. आमच्या इस्टेटीत खंडेनवमीला मशीन धुऊनपुसून पूजतात, त्या दिवशी आणि दसऱ्याला बंद ठेवतात, आणि मग मुहूर्ताचं पहिलं काम काढतात. पूजलेलं मशीन दसऱ्यानंतर बंद राहिलं तर कारागीर कुरकुरतात. तर गेल्या वर्षी मी सहज डोंबिवलीत होतो, म्हटलं आपल्या हातचं यंत्र आहे, दोन फुलं वाहावीत. मेहुणीने ताम्हण दिलं. साडू आंघोळीला गेलेले. ट्रान्सफॉर्मरला हळदकुंकू वाहिलं, मशीनला वाहिलं, आणि कपाट उघडंच होतं. सवयीचा हात. आमच्याकडे पक्कडसुद्धा वगळत नाहीत. मी पहिल्या फळीवरच्या प्रत्येक डबीला ओल्या कुंकवाचं एकेक बोट लावलं, वर झेंडूची पाकळी.

साडू पंचा गुंडाळून बाहेर आले आणि जागीच थिजले. बाकीच्या डब्यांवर प्लॅस्टिक होतं, ते पुसून निघालं. एकीचं प्लॅस्टिक कोपऱ्यात फाटलेलं होतं. तिथून कुंकू आत मुरलं आणि पुठ्ठ्यावर लाल डाग पडला. "साडूभाऊ," ते म्हणाले, "तुम्ही खून केलात." मीही तापलो. "अहो, पूजा केली! तुमच्या या मढ्यांना कुणी कधी हात तरी लावतं का?" मढी म्हणायला नको होतं. पण म्हणालो.

अकरा महिने अबोला. एका पंगतीत शेजारी बसूनही आम्ही बहिणी-बहिणींमार्फत बोलायचो. ते म्हणायचे, "अगं, ताईंना सांग, त्यांच्याकडे माझं पार्सल आलेलं असेल." मी म्हणायचो, "अगं, तुझ्या बहिणीला सांग, पार्सल सुखरूप आहे, कुंकू लावलेलं नाही." अबोला मोडला तो मेहुणीच्या फोनने. "भाऊजी, यांच्या उजव्या हाताला कंप सुटलाय. चहा बशीत सांडतो. डॉक्टर कंपवात म्हणतात. कुणाला सांगू नका म्हणालेत, म्हणून तुम्हाला सांगतेय."

मी त्याच दिवशी गेलो. साडू कपाटासमोर स्टुलावर बसले होते, हात मांडीखाली दाबून. रिटायर व्हायला वर्ष उरलेलं. मी म्हटलं, "ती होडी काढा. आज खेळू." ते म्हणाले, "आता कसली होडी? या हाताने वल्हं धरू? जाऊ द्या. बंद आहे तेच बरं आहे." इतकं शांतपणे म्हणाले की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ओरडलो. काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. पंचवीस वर्षं हात धड होते तेव्हा मोजे घालून बसलात, मला आशेला लावलंत, बायकोला एका खोलीत कोंडलंत, आणि आता म्हणता बंद आहे तेच बरं! मेहुणी आतून धावत आली. साडूंनी डाव्या हाताने कपाटाला किल्ली लावली.

त्यानंतर महिनाभराने खंडेनवमी आली. मी आंघोळ करून, मौनव्रत धरल्यासारखा, कुणाशी न बोलता डोंबिवली गाठली. मेहुणीला म्हटलं, "ताम्हण दे." तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि कपाटाची किल्लीही दिली. साडू औषध घेऊन पडले होते. मी ट्रान्सफॉर्मरची पूजा केली, मशीनची केली, आणि मग दोन म्हाताऱ्यांची ती डबी बाहेर काढून नखाने प्लॅस्टिकला भोक पाडलं आणि बरोबर त्यावर ओल्या कुंकवाचं भलंमोठं बोट टेकवलं. या वेळी सवयीने नाही. पूर्ण शुद्धीत, दात-ओठ खात. साडू दारात उभे राहून हे बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस जन्मात माझं तोंड बघणार नाही. "पूजा झालीये," मी म्हणालो. "दसऱ्यानंतर चालवावं लागतं. आमच्यात तसा नियम आहे." आणि चपला पायात सरकवून निघालो.

दसरा गेला. फोन नाही. बायको म्हणाली, "करायचं ते करून बसलात ना? आता मला माझ्या बहिणीकडे जायची सोय ठेवली नाहीत." दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. साडूंचा आवाज, अगदी कचेरीतला. "ट्रान्सफॉर्मर गुणगुण आवाज करतोय. येऊन बघून जा."

ट्रान्सफॉर्मर गुणगुणत नव्हता. मी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर गुणगुणत नाही. साडू मोजे घालून पाटावर बसले होते, समोर कुंकवाचा डाग पडलेली डबी. "मी फाडू का?" मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मोज्यातलं त्यांचं बोट प्लॅस्टिकवरून घसरत होतं, पुन्हा लागत होतं, पुन्हा घसरत होतं. पाव तास लागला. मी स्वतःचे हात काखेत धरून बसलो होतो. शेवटी मोजे काढून टाकले त्यांनी, दाताने फाडलं. आतला कागद हुंगला आणि म्हणाले, "कुंकवाचा वास येतोय. गाढव आहात." मग दोन नंबरचा रिमोट माझ्या हातात दिला. चिकटपट्टी पिवळी पडली होती, नाव शाबूत होतं.

वहीत बघून मी पागोटं घातलेला म्हातारा शोधला. होडी पाण्यात आली. डावं वल्हं माझं, उजवं त्यांचं. त्यांचा अंगठा बटणावर थडथडत होता, त्यामुळे उजवं वल्हं एका दमात वीस वेळा पाण्यात पडायचं आणि माझं एकदा. होडी जागच्या जागी गोल फिरत राहिली. मेहुणी दारात उभी राहून पदराने तोंड दाबून हसत होती, आणि डोळेही पुसत होती. दोन म्हातारे नदीच्या मधोमध गरागरा फिरताहेत, आणि मी घामाघूम होऊन चुकीची बटणं दाबतोय.

"जरा दमाने घ्या हो," मी वैतागून म्हणालो. "घाई काय आहे?"

तोंडातून गेल्यावर मला कळलं मी काय बोललो ते.

साडूंनी पडद्यावरची नजर काढली नाही. "आहे, साडूभाऊ," ते म्हणाले. "वल्हवा."

आता दर रविवारी जातो. माझा अंगठा त्यांच्या वेगाला पोचायला शिकतो आहे, रात्री दुखतो. होडी अजून पलीकडे लागलेली नाही.